ऐकण्यापुरती शांतता

"अहो काका! ते मशीन जरा वेळ बंद करता का?"

एकदा सांगून झालं, दोनदा सांगून झालं, शेवटी घसा ताणून ओरडल्यावर कुठे गाडीजवळच्या माणसाने मान वळवली. डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. रस्त्याच्या कडेला बोअरची गाडी उभी होती, तिचा लोखंडी मनोरा आभाळात चढलेला, आणि खालच्या भोकातून दगडाचं पीठ भसाभस वर उडत होतं. एवढ्या उन्हात, एवढ्या धुळीत, या वयाला कसली कामं करायला लावतात लोक, असं वाटून तिला त्याची दयाच आली.

त्याने हातानेच विचारलं, काय?

तिने आधी समोरच्या विहिरीकडे बोट केलं, मग स्वतःच्या कानाकडे. त्याला काय उमजलं कोण जाणे, पण त्याने खटका ओढला. कंप्रेसरने एक लांबलचक सुस्कारा टाकला आणि सगळा रस्ता गप्प झाला. इतका गप्प, की पलीकडच्या घरात कुणीतरी कपाट उघडलं तेही ऐकू आलं.

ती भूजल खात्यात मोजणीला होती. शहराच्या कडेच्या वस्त्यांमधून फिरायचं आणि विहिरींचं पाणी किती खाली गेलं ते बघायचं, हे तिचं काम. म्हणून सगळे तिला मोजणीवालीच म्हणायचे. खात्याने बॅटरीवरचं यंत्रही दिलं होतं, पण ते बिचारं कायम दुरुस्तीला. मग तिची आपली जुनी पद्धत. पोलादी टेपच्या टोकाला पितळेची एक उपडी वाटी, वजनाला जड. ती हळूहळू विहिरीत सोडायची. वाटी पाण्याला टेकली की आतून आवाज येतो, टप्प. तो आवाज कानांनी धरायचा आणि टेप तिथेच थांबवायची. आजूबाजूला गोंगाट असला की सगळं मुसळ केरात.

ती कठड्यावर वाकली. टेप सुटत राहिली... सुटत राहिली... मागच्या वेळची खूण कधीच खाली गेली. आता येईल, आता येईल म्हणता म्हणता, खोल, अंधारातून, अगदी हलकेच, टप्प.

तिने आकडा मोबाईलवर ऑफिसला कळवला, टेप गुंडाळली आणि आभार मानायला वळली. तो गाडीच्या पायरीवर बसून तोंड पुसत होता. बाटलीतलं घोटभर पाणी रुमालाच्या टोकावर घेतलं, टोक पिळलं, तोंडावरून फिरवलं. बस्स, तेवढंच. आणि त्या ओल्या टोकाखालून म्हातारपण पुसलं गेलं. काळ्याभोर भुवया, हसरे डोळे, आणि तिच्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा चेहरा.

"काका म्हणालात तरी चालेल," तो म्हणाला. "या गाडीवर चढलं की आमचं सगळ्यांचं एकच वय."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"खाली काय शोधत होतात?"

"तुम्ही लोक जे संपवताय ना... ते," ती म्हणाली, आणि ताडताड निघून गेली. वळणावर गेल्यावर मात्र तिला हसू फुटलं. आपण आभार मानायचेच विसरलो!

त्या उन्हाळ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी बोअर होती. त्यामुळे गाडी शहरात मुक्कामालाच राहिली. आज या रस्त्यावर, उद्या त्या. आणि योगायोग म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा, मोजणीवालीच्या वाटेवर ती दर आठवड्याला कुठे ना कुठे आडवी यायचीच. आता तिला ओरडावं लागत नसे. ती नुसती कोपऱ्यावर दिसली की मशीन बंद. त्याच्याबरोबरचे कामगार वैतागायचे, घड्याळं बघायचे. तो म्हणायचा, "डॉक्टर नाडी बघताना आपण बडबडतो का? मग!"

एकदा त्याने विचारलं, "मी ऐकू?"

"तुम्हाला कुठलं ऐकू यायला! त्या मशीनने कान गेले असतील एव्हाना."

"गेले की नाही ते तर बघू."

मग दोघं कठड्यावर वाकले. ती टेप सोडत होती आणि तो श्वास धरून होता. त्याच्या बाहीला दगडाच्या पिठाचा वास येत होता, कोरडा, गार. तिच्या बटा वाऱ्याने उडून त्याच्या गालाला लागत होत्या आणि त्या मागे घ्यायला तिचा एकही हात मोकळा नव्हता... किंवा होता, पण तिने घेतल्या नाहीत. टप्प.

"आला!" तो लहान मुलासारखा कुजबुजला.

"आला ना."

"आमच्याकडे पाणी असं नाही येत. आमच्याकडे ओरडत येतं. पाईपातून उसळतं, लोक नाचतात, मला उचलून घेतात. हे असं..." त्याने कान पुन्हा विहिरीकडे केला. "हे तर कुणीतरी झोपेत हाक मारल्यासारखं वाटतं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. माणूस दगड फोडतो आणि बोलतो असं!

"काय बघताय?"

"कान शाबूत आहेत तुमचे, तेच बघतेय."

"अजून काय काय शाबूत आहे ते पण बघा कधीतरी."

"चला! वात्रट!"

असं ते चालायचं. टपरीवरचा चहा, अर्ध्या ग्लासातलं पाणी दोघांत, 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. पण तिला मनातून एक गोष्ट टोचायची. ती दर खेपेला टेप आधीच्यापेक्षा जास्त सोडत होती, आणि तो दर खेपेला आधीपेक्षा खोल जात होता. एकदा तिने ते बोलूनही दाखवलं.

"मी एकट्याने बंद केलं तर दुसरी गाडी येईल," तो म्हणाला. "लोकांच्या घशाला कोरड पडलीय. त्यांना मी काय सांगू?"

ती स्वतः खालच्या गल्लीतली. खालच्या गल्लीत राहणारी माणसं घशाची कोरड काय असते ते चांगलं ओळखतात.

खालची गल्ली म्हणजे उताराच्या पार तळाशी, दोन्ही बाजूंना एकाला एक लागून घरं, आणि मधोमध एक विहीर. नळ होते, पण नावाला. उघडले की फुसफुसायचे. टँकर यायचा तो वरच्या रस्त्यावरच रिकामा व्हायचा. सगळ्या गल्लीचा जीव त्या एका विहिरीवर होता. तिथेच तिसऱ्या दारात मोजणीवाली तिच्या आत्याबरोबर राहायची. आईबाप लहानपणीच गेलेले. आत्यानेच तिला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं.

आत्याची एक अट मात्र होती. पोरीला देईन ती पाणी असलेल्या घरात. स्थळ आलं की आत्या मुलाचा पगार विचारायची नाही, रंग-उंची बघायची नाही. त्यांच्या घरी गेली की पहिला प्रश्न, "हात धुवायला कुठे?" आणि मोरीत जाऊन सगळे नळ सोडून बघायची. एका घरी तर तिने गच्चीवर चढून टाकीत वाकून बघितलं होतं. स्थळ मोडलं, आणि गल्लीला महिनाभर हसायला विषय मिळाला.

पण हसण्यावारी न्यावी अशी गोष्ट नव्हती ती. आत्याच्या डोक्यावर मधोमध केसच नव्हते. जन्मभर तिथे हंडा टेकला होता. मान एका बाजूला वळायची नाही. दिवस भरत आलेले असताना ती पाण्याला गेली, निसरड्या पायरीवरून पडली, आणि पोटातलं मूल गेलं; पुन्हा झालं नाही. हे आत्या कधी बोलायची नाही. मोजणीवाली मात्र तिच्या डोक्याला तेल लावताना त्या उघड्या जागेवर बोट आलं की दरवेळी थबकायची.

अशा आत्यासमोर एका संध्याकाळी गाडीवाला येऊन बसला. तोंड स्वच्छ, शर्टाला इस्त्री.

"घर कुठे?" आत्याने विचारलं.

"आईवडील गेल्यापासून... गाडीच."

"गाडीला नळ आहे?"

"आत्या!" ती मध्ये पडली.

"तू थांब गं. मुलगा वाईट नाही, मला दिसतंय. पण हिच्या डोक्यावर हंडा ठेवायचा आणि हिला मी त्याच्यासाठीच वाढवली असं म्हणायचं, ते माझ्याने होणार नाही. जिथे पाणी असेल तिथे मी हिला हसत पाठवीन. तुझ्याकडे नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, चहा घे."

त्याने चहा घेतला. जाताना दारात तिला इतकंच म्हणाला, "पाणीच हवंय ना त्यांना? माझा धंदा काय आहे मग?"

ती हसली. त्याचं बोलणं तिने थट्टेवारी नेलं, तिथेच चुकलं.

त्याच सुमाराला खात्याने तिला लांबच्या विहिरींच्या मोजणीला पाठवलं. परत आली तेव्हा दुपार होती. गल्लीत शिरताच पायाखाली पांढरं पीठ लागलं. घरांच्या पायऱ्यांवर पीठ, खिडक्यांच्या गजांवर पीठ.  ती जवळजवळ धावतच घरी पोहोचली.

मागच्या अंगणात आत्या केस सोडून उभी होती, आणि डोक्यावरून बादलीने पाणी ओतून घेत होती. एक बादली झाली की दुसरी. अंगणभर ओघळ. कोपऱ्यात जमिनीतून निळा पाईप वर आलेला, त्याच्या तोंडाला मोटर जोडलेली, आणि नळातून मनगटाएवढी धार.

"आलीस?" आत्या ओरडली. असा आवाज तिने आत्याचा कधी ऐकला नव्हता. "बघ! बघ तरी! गोड आहे गं, पिऊन बघ! मालकाच्या हातापाया पडून त्याने सुट्टीच्या दिवशी गाडी मागून घेतली, आणि पहिल्याच भोकाला लागलं. माझ्या दारात! या वयात!" आणि आत्या ओल्या अंगाने मटकन पायरीवर बसली आणि रडू लागली. "मुलगा हिऱ्यासारखा आहे. लग्न करून इथेच राहू दे त्याला. माझं काही म्हणणं नाही."

तो दाराशी उभा होता. भुवया पुन्हा पांढऱ्या. चेहऱ्यावर असा काही आनंद, की मोजणीवालीने विहिरीबद्दल जे विचारायचं ते गिळलं. तिला प्रेम करणारा माणूस मिळाला होता, आत्याला पाणी मिळालं होतं. त्या क्षणी, खरं सांगायचं तर, तीही सुखाने न्हाली.

पुढच्या मोजणीला तिने गल्लीच्या विहिरीत टेप सोडली. मागची खूण गेली. आणखी बरीच टेप गेली. आवाज आला तेव्हा तिने आकडा दोनदा वाचला. एवढं एका उन्हाळ्यात जात नाही, एवढं कधीच गेलं नव्हतं. तिने आकडा खरा तोच कळवला. पण गल्लीत कुणाला बोलली नाही, त्याला नाही, आत्यालाही नाही. ऊन फार आहे यंदा, असं स्वतःला सांगितलं. घरी आत्या लग्नाच्या गोष्टी करत होती आणि अंगणात सडा घालत होती. कितीतरी वर्षांनी त्या मातीला वास आला होता.

मग एका सकाळी कोपऱ्यावरच्या मावशी विहिरीशी दिसल्या. थकलेल्या, एकट्या राहणाऱ्या. गल्लीतल्या अर्ध्या लेकरांना त्यांनीच खेळवलेलं. त्या दोराला दुसरा दोर बांधत होत्या.

"पुरत नाही गं आता," त्या म्हणाल्या. "तू तर मोजतेस ना? अजून किती दिवस आहे म्हणतेस?"

ती वाकून दोराची गाठ आवळू लागली. मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तुझ्याकडे झालीय बोअर, चांगलं झालं. आत्याने फार सोसलं." त्या बोलण्यात कुठेही खोच नव्हती, आणि म्हणूनच तिला ते सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याला विहिरीशी बोलावलं.

"तुझ्या बोअरने विहीर ओढली."

"शक्यच नाही." तो दुखावला. "विहिरीचं पाणी वरचं, माझं खालचं. वरचं पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या थराला मी पाईप घातलाय. दोघांचा काही संबंध नाही. आमच्यात सगळे हेच..."

"तुमच्यात सगळे हेच म्हणतात, माहीत आहे. दगडाला भेगा असतात. त्या वर-खाली बघत नाहीत." तिने टेप पुढे केली. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आत्याला काहीतरी निमित्त सांगून मी कालपासून मोटर बंद ठेवलीय. ऐक."

त्याने टेप स्वतः सोडली. टप्प. तिने आकडा दाखवला. सकाळपासून पाणी चार बोटं वर आलं होतं. मग ती घरी गेली आणि मोटर लावली. तो कठड्यावर बसून राहिला. ऊन कलेपर्यंत तो पुन्हा पुन्हा वाटी सोडत होता, आणि दरवेळी वाटीला थोडं आणखी खाली जावं लागत होतं. ती परत आली तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"पाईपाने गल्लीला देऊ," तो म्हणाला. "नळ काढू सगळ्यांना. मी करतो."

"तेच पाणी आहे. विहिरीत झिरपत येतं म्हणून पुरतं. मोटर एका दमात उपसते. पावसाळ्यापर्यंत दोन्ही कोरडी." ती त्याच्या शेजारी बसली. "आणि परवा पलीकडचे दोघं तुला काय विचारत होते?"

 त्या दोघांनाही आपापल्या अंगणात बोअर हवी होती. आत्याच्या दारातली धार बघून.

"मी तुझ्यासाठी केलं," तो हलकेच म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी तरी भोक पाडलं. ते सुद्धा..."

"मला माहीत आहे." तिचे डोळे भरून आले. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि मी गप्प बसले. तूच मला आवडतोस म्हणून. आत्या हसत होती म्हणून. तेव्हा चूक एकट्याची धरू नकोस. निम्मी मला दे."

त्याने तिचा हात हातात घेतला. दगडाने खरबरीत झालेला हात, पण धरणं असं, की जणू हातात पाणी आहे आणि सांडेल.

"बुजवली तर आत्या लग्नाला नाही म्हणतील."

"म्हणेल."

"मग?"

तिने टेप गुंडाळली. "बुजव," ती म्हणाली.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा केला नाही, तेच जास्त कठीण होतं. ती एवढंच म्हणाली, "जन्मभर सगळ्यांनी भरलं तेव्हा मी भरलं. एकदा माझ्या दारात आलं. ते पण तुम्हाला बघवलं नाही?" आणि मग, त्याच्याकडे न बघता, "बुजवायची तर बुजव. पण मग या घराची पायरी पुन्हा चढायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळभर आत्या मोटर लावून भरत होती. हंडे, बादल्या, पातेली, तांब्ये, शेवटी चहाचे कप. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. मग तिने स्वतःच्या हाताने बटण बंद केलं आणि आत जाऊन दाराकडे पाठ करून बसली.

त्याने मोटर काढली. पाईप वर ओढला. खडी आणि सिमेंट कालवलं, आणि घमेल्यामागून घमेलं त्या काळ्या तोंडात ओतलं. त्याच्या हातून लागलेलं सगळ्यात चांगलं पाणी होतं ते. मोजणीवाली घमेली भरून देत होती.  शेवटी त्याने थापीने वरचा भाग सपाट केला, हात झटकले आणि पायरी न चढता मागच्या वाटेनेच निघून गेला.

पाणी लगेच वर येत नसतं. भेगा रिकाम्या झाल्या की भरायला वेळ घेतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! विहीर खाली जायची थांबली, पण चढेना. घरातले कपसुद्धा रिकामे झाले. बोअर का बुजवली ते तिने गल्लीत एकेका दारात जाऊन स्वतः सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी तोंडावर दार लावलं. शेवटी गल्लीने बसून ठरवलं: सकाळी सगळ्यांनी एकदम यायचं, मावशींनी वाटायचं, माणशी एक हंडा. लहान-मोठं, गरीब-श्रीमंत काही नाही. आत्या तिच्याशी कामापुरतं बोलायची. त्याचं नाव घरात निघत नव्हतं.

बोअरची गाडी पुढच्या शहराला निघणार असं कानावर आलं. ज्या सकाळी ती निघाली, त्या सकाळी मोजणीवाली रांगेत होती. आत्या तिच्यापुढे, हंडे पायाशी ठेवून. वरच्या रस्त्यावरून गाडीची घरघर ऐकू आली, लांब लांब गेली, आणि विरली. तिने डोळे मिटून घेतले. म्हणजे गेला तर...

"रांग इथूनच सुरू होते का?"

तिने दचकून मागे बघितलं. खांद्याला एक पिशवी. चेहऱ्यावर धुळीचा कणही नाही.

"तू? गाडी तर..."

"गेली. मी नाही गेलो." तो खालच्या आवाजात बोलत होता, कारण सगळी रांग वळून बघत होती, आणि ते बघणं काही मायेचं नव्हतं. "भोकं पाडायची बास झाली. वरच्या रस्त्यावर वर्कशॉप आहे, तिथे मशीन दुरुस्तीला माणूस हवाय. राहायला एक खोली आहे. नळ नाही."

तिला हसावं की रडावं कळेना.

"आत्यांची अट मी पुरी करू शकत नाही," तो म्हणाला. "पायरी चढणार नाही म्हणून कबूल केलंय, तेही पाळीन. फक्त तुला सांगायचं होतं. माझ्याकडे आलीस तर जन्मभर असंच रांगेत उभं राहावं लागेल. आवडतेस म्हणून फसवणार नाही."

"रांगेत मी आधीपासूनच आहे," ती म्हणाली.  "एकटी कंटाळले होते इतकंच."

 पुढे आत्याचा नंबर आला होता. मावशींनी दोर हातात धरून नेहमीसारखं विचारलं, "किती माणसं?"

 आत्याने हंडा कठड्यावर ठेवला. मग दुसरा ठेवला. मग वाकून, त्या दोन्हींच्या आड झाकून आणलेला आणखी एक हंडा उचलला आणि त्यांच्या शेजारी ठेवला.

"तीन," ती म्हणाली.

रांगेत चुळबुळ झाली. मागून कुणीतरी पुटपुटलं. मावशींनी आत्याच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघितलं, चांगलं निरखून.

"तिसरा हा? ज्याने विहीर..."

"हो, त्यानेच. गाडी सोडून इथे राहतोय, कालच कानावर आलं माझ्या," आत्या म्हणाली. मान वळत नव्हती म्हणून ती अख्खी वळली आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. "आणि बुजवली पण त्यानेच. माझं ऐकलं असतं तर आणखी उपसली असती आपण, माझ्यासकट सगळ्यांनी. माझ्या पोरीला पाणी असलेलं घर हवं होतं मला. नाही मिळालं. हिच्या डोक्यावरचा हंडा निम्मा स्वतःच्या डोक्यावर घेणारा मिळाला. माझ्या वेळी तोही नव्हता."

 आत्या कधी एवढं बोलल्याचं मोजणीवालीला आठवत नव्हतं.

 मावशींनी दोर पुढे केला. "मग नुसता उभा काय राहतोस? ओढ. माझे हात भरून आलेत."

त्याने पिशवी खाली ठेवली. त्या दिवशी सगळ्या रांगेचं पाणी त्याने ओढलं. दोराचा जोड दरवेळी कप्पीत अडकायचा, आणि ती तो सोडवून द्यायची. बायका हंडा पुढे करत, भरला की उचलत, कुणी त्याच्याशी बोललं, कुणी नाही. एका म्हाताऱ्याने जाताजाता त्याची पाठ थोपटली. आत्याने आपले हंडे सगळ्यात शेवटी भरायला लावले. दोन भरले. तिसऱ्याच्या वेळी बादली तळाला घासून वर आली, आणि हंडा पाऊणच भरला.

आत्याने तो उचलला, त्याच्या खांद्यावर ठेवला आणि हाताने नीट बसवला.

"चल घरी," ती म्हणाली. "सांडू नकोस."